प्रकल्प नोंदी: प्लगइन वर्करमधलं फाइलनेम एन्कोडिंग

५ जानेवारी २०२६

तक्रार अशी आलीय की फोल्डरचं नाव ‘कोऱ्या पावत्या’, आतल्या फायलींची नावंही मराठीतच, आणि आमच्या प्रोग्रॅममधलं पायथन प्लगइन (जोड-स्क्रिप्ट) चालवलं की यादी रिकामी येते. एरर नाही, लॉगमध्ये एक ओळ नाही, नुसतं पांढरं पान. माझ्या दृष्टीने ही सगळ्यात वाईट प्रकारची चूक, कारण समोरच्या माणसाला वाटतं फायली गेल्याच.

पुढे वाचणाऱ्यासाठी रचना थोडक्यात लिहून ठेवतो. मुख्य प्रोग्रॅम सी++ मध्ये, खिडक्या-बटणं क्यूटी या लायब्ररीची. प्लगइन वेगळ्या वर्कर प्रोसेसमध्ये चालतात, तिथे खिडकी वगैरे काही नाही, फक्त इंटरप्रिटर, म्हणजे स्क्रिप्ट चालवणारे प्रोग्रॅम, बसवलेले: पायथन ३.१२, लुआ ५.४, आणि खूप जुन्या स्क्रिप्टांसाठी टीसीएल ८.६. तिघांनाही फाइलची नावं लागतात आणि तिघांची नावांकडे बघायची पद्धत वेगळी.

लिनक्सवर लगेच रिप्रोड्यूस झालं. वर्करमध्ये पायथनला विचारलं की तुझं फाइलसिस्टम एन्कोडिंग (नावातल्या बाइटांची अक्षरं कशी करायची तो नियम) काय, तर उत्तर ‘अ‍ॅस्की’. म्हणजे नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. त्याच मशीनवर टर्मिनलमधून साधं पायथन चालवून हाच प्रश्न विचारला तर ‘यूटीएफ-८’. व्हर्जन तेच, युजर तोच, भाषा सांगणारं लँग व्हेरिएबलही तेच.

६ जानेवारी

यादी रिकामी का येते ते कळलं. लिनक्स कर्नलला फाइलचं नाव म्हणजे नुसते बाइट, त्यात स्लॅश आणि शून्य बाइट सोडून काहीही चालतं, एन्कोडिंग म्हणून कुठे काही लिहिलेलं नसतं. पायथन ३ ला मात्र स्ट्रिंग पाहिजे, म्हणून तो ते बाइट डिकोड करतो, आणि जो बाइट डिकोड होत नाही त्याला ‘सरोगेट-एस्केप’ने यू+डीसी८० ते यू+डीसीएफएफ या पट्ट्यातल्या एका खोट्या कॅरेक्टरमध्ये ठेवतो. ही सोय पायथन ३.१ पासून आहे, पेप ३८३ (पेप म्हणजे पायथनमधल्या बदलाचा प्रस्ताव). परत बाहेर जाताना त्याच कॅरेक्टरचा तोच बाइट होतो, म्हणजे फाइल उघडायला काही अडचण नाही, आणि ही कल्पना मला मनापासून आवडते, कारण न समजलेलं नावसुद्धा हातातून सांडत नाही.

आपल्याकडे एन्कोडिंग अ‍ॅस्की असल्यामुळे देवनागरीतला प्रत्येक कोडपॉइंट (युनिकोडमधलं एक चिन्ह) तीन-तीन खोट्या कॅरेक्टरांमध्ये फुटला. ऱ चे बाइट ई० ए४ बी१, तर त्याचे झाले डीसीई०, डीसीए४, डीसीबी१. इथवरही ठीक होतं. पण आमचा सी++ कोड ती स्ट्रिंग पायथनच्या ‘अ‍ॅझ-यूटीएफ-८’ फंक्शनने मागतो, ते सरोगेट, म्हणजे तीच खोटी कॅरेक्टरं, बघून नकार देतं आणि नल (‘काही नाही’) परत करतं, आणि नल आला की यादीतून तो आयटम गुपचूप वगळायचा असं जुन्या कोडमध्ये लिहिलंय. सगळीच नावं मराठी, म्हणून सगळेच आयटम वगळले गेले.

गुपचूप वगळणं आजच काढलं. नाव दाखवता नाही आलं तर दाखवता आलं नाही असं सांगायचं, फाइल अस्तित्वातच नाही असं भासवायचं नाही.

७ जानेवारी

मूळ प्रश्न, अ‍ॅस्की का. आज डॉक्युमेंटेशन आणि सीपायथनचा सोर्स दोन्ही उघडून बसलो.

कुठलाही सी प्रोग्रॅम सुरू होतो तेव्हा त्याचं लोकेल (भाषा, लिपी, आकडे यांची सेटिंग) ‘सी’ असतं. लँगमध्ये काहीही लिहिलेलं असो, प्रोग्रॅमने स्वतः सेटलोकेल रिकाम्या स्ट्रिंगने बोलावल्याशिवाय त्याकडे कोणी बघत नाही. मुख्य प्रोग्रॅममध्ये हे काम क्यूटी करतं, आपला ऑब्जेक्ट तयार होतानाच. वर्करमध्ये क्यूटी नाही, म्हणजे ते काम कोणीच करत नाही.

मग टर्मिनलवरचं पायथन का चालतं? कारण तो सुरुवातीला स्वतः सेटलोकेल करतो, आणि लोकेल खरोखरच ‘सी’ निघालं तरी ३.७ पासून त्याच्याकडे दोन आधार आहेत, पेप ५३८ ने तो लोकेल बदलून सी.यूटीएफ-८ वर न्यायचा प्रयत्न करतो आणि पेप ५४० ने यूटीएफ-८ मोड आपोआप चालू करतो. आपण मात्र एम्बेड करताना ‘आयसोलेटेड’ कॉन्फिगरेशन घेतलंय, पेप ५८७ वालं, पायथन ३.८ पासूनचं. ते घ्यायचं कारण चांगलं होतं, युजरच्या मशीनवरची पायथनची एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स आपल्या प्लगइनमध्ये घुसायला नकोत. पण आयसोलेटेडमध्ये लोकेल लावणं बंद, सी लोकेल बदलणं बंद, यूटीएफ-८ मोड पण बंद. म्हणजे इंटरप्रिटर होस्टला (त्याला आत बसवणाऱ्या आपल्या प्रोग्रॅमला) म्हणतो की लोकेल तुझं काम, मी हात लावणार नाही, आणि होस्टने ते काम कधी केलंच नाही. दोघांच्या मध्ये नाव पडलं.

मग पायथन नुसतं सी लायब्ररीला विचारतो की सध्या कॅरेक्टर सेट कुठला, आणि जीलिबसी (लिनक्सवरची सी लायब्ररी) सी लोकेलमध्ये ‘एएनएसआय_एक्स३.४-१९६८’ सांगतं. हे अ‍ॅस्कीचंच जुनं अधिकृत नाव.

८ जानेवारी

एक गोष्ट डोक्यातून जात नव्हती, की इतक्या लोकांकडे हे नीट कसं चाललं होतं. टेस्ट मशीनवरही ही चूक कधी दिसायची, कधी नाही.

उत्तर टीसीएलमध्ये सापडलं. टीसीएलचा युनिक्सवरचा सुरुवातीचा कोड स्वतःच सेटलोकेल बोलावतो, कॅरेक्टरांसाठी युजरचं लोकेल आणि आकड्यांसाठी ‘सी’. सेटलोकेल अख्ख्या प्रोसेसला लागू होतं. म्हणजे एखादं जुनं टीसीएल प्लगइन आधी लोड झालं की त्याच्या मागून येणाऱ्या पायथनला यूटीएफ-८ लोकेल आयतं मिळायचं, आणि पायथन आधी आला की अ‍ॅस्की. प्लगइन कुठल्या क्रमाने लोड व्हायचे ते युजर कुठलं आधी वापरतो त्यावर, त्यामुळे ज्याने टीसीएलचं प्लगइन काढून टाकलं त्याच्याकडे मराठी नावं बंद पडली, आणि त्या दोन गोष्टींचा संबंध असेल असं त्याला स्वप्नातही वाटणार नाही.

यावरून एक नक्की केलं. एका प्रोसेसमध्ये एकापेक्षा जास्त इंटरप्रिटर असतील तर फाइलनेमचं एन्कोडिंग होस्टनेच ठरवायचं, पहिला इंटरप्रिटर जागा व्हायच्या आधी, स्पष्ट शब्दात. कोण आधी उठलं यावर ते सोडायचं नाही.

सोपा उपाय म्हणून कोणी सुचवेल की वर्करच्या मेनमध्ये सेटलोकेल टाका आणि मोकळे व्हा. मला ते नको, कारण एक तर सगळ्या कॅटेगरी लावल्या तर दशांशाचा बिंदू काही लोकेलमध्ये स्वल्पविराम होतो आणि आमचा आकडे वाचणारा कोड तिथे फुटेल. फक्त कॅरेक्टरांची कॅटेगरी लावली तरी उत्तर एन्व्हायर्नमेंटवरच अवलंबून राहतं, आणि वर्कर सर्व्हिस म्हणून किंवा क्रॉनमधून (ठरल्या वेळी आपोआप) चालवला तर लँग बहुतेक वेळा नसतंच, म्हणजे परत पहिल्या पानावर. नावं तीच, डिस्क तीच, मग वर्कर कसा सुरू केला त्यावरून त्यांचा अर्थ का बदलावा?

१२ जानेवारी

पायथनची दुरुस्ती. क्रम असा की आधी प्री-कॉन्फिग स्ट्रक्चर आयसोलेटेड पद्धतीने भरायचं, त्यात यूटीएफ-८ मोड १, म्हणजे चालू, करायचा, पीवाय_प्रीइनिशियलाइज बोलवायचं, आणि मगच मुख्य कॉन्फिग भरून इंटरप्रिटर सुरू करायचा. बाकी आयसोलेटेडचे सगळे फायदे तसेच राहतात.

लिहिलं, चालवलं, तरी अ‍ॅस्की. यात बराच वेळ गेला आणि कारण नोंदवण्यासारखं आहे. आमच्या कोडमध्ये पायथनच्या होम फोल्डरचा पाथ याच्याही आधी कॉन्फिगमध्ये टाकला जात होता, तो बाइट स्ट्रिंग घेणाऱ्या फंक्शनने. ते फंक्शन बाइट डिकोड करतं, डिकोड करायला एन्कोडिंग ठरलेलं पाहिजे, म्हणून ते आतल्या आत स्वतःच प्रीइनिशियलाइज करून टाकतं, अर्थात डिफॉल्ट आयसोलेटेड सेटिंगने. त्यानंतर आम्ही आमचं प्रीइनिशियलाइज बोलावलं तर ते ‘आधीच झालंय’ म्हणून नवीन सेटिंग बाजूला ठेवतं आणि ओके परत करतं. एरर येत नाही! स्टेटस तपासूनसुद्धा काही कळत नाही.

म्हणून आता वर्करच्या कोडमध्ये पायथनचं पहिलं काम प्रीइनिशियलाइज, त्याच्या वर पायथनचं कुठलंही फंक्शन नाही, आणि तिथे मोठी कॉमेंट टाकलीय. शिवाय इंटरप्रिटर उठल्यावर लगेच फाइलसिस्टम एन्कोडिंग आणि एरर हँडलर वाचून बघतो, यूटीएफ-८ नसेल तर वर्कर तिथेच थांबतो आणि लॉगमध्ये दोन्ही नावं लिहितो. स्टेटसवर विश्वास ठेवण्यापेक्षा परिणाम तपासलेला बरा.

१४ जानेवारी

दुसरा पर्याय पण तपासला. यूटीएफ-८ मोड न लावता मुख्य कॉन्फिगमधलं ‘फाइलसिस्टम_एन्कोडिंग’ हे फील्ड एकटंच यूटीएफ-८ करता येतं. फाइलची नावं, कमांड लाइनचे आर्ग्युमेंट, एन्व्हायर्नमेंट हे सगळं त्याच एन्कोडिंगने जातं, म्हणजे आमचा प्रश्न तेवढ्यानेही सुटला असता. पण मग फाइलच्या आतला मजकूर वाचायचं डिफॉल्ट लोकेलवरच राहतं, म्हणजे नाव उघडणार आणि पहिल्या मराठी ओळीवर अ‍ॅस्कीची एरर येणार. प्लगइन लिहिणारे एन्कोडिंग लिहायला विसरतात, हे गृहीत धरूनच चालावं लागतं. म्हणून यूटीएफ-८ मोडच ठेवला. पायथन ३.१५ पासून तो डिफॉल्ट व्हायचं ठरलंय, पेप ६८६, म्हणजे जायची दिशा तीच आहे, तरी आपल्या कोडमध्ये ते स्पष्ट लिहिलेलं राहील.

ज्यांच्या डिस्कवर अजून जुन्या एन्कोडिंगमधली नावं आहेत त्यांचं काय, हा रास्त प्रश्न विचारला गेला. त्यांची नावं यूटीएफ-८ म्हणून वाचता येणार नाहीत, पण सरोगेट-एस्केपमुळे बाइट शाबूत राहतील, फाइल उघडेल, कॉपी होईल, नाव बदलता येईल. फक्त दाखवताना तेवढी अक्षरं चौकोनी दिसतील. हे चालेल.

१५ जानेवारी

सी++ आणि पायथनच्या मधला पूल नीट केला. आता नियम असा की फाइलचं नाव सीमा ओलांडताना साध्या स्ट्रिंगच्या फंक्शनने जाणार नाही. आत येताना फाइलसिस्टम डिफॉल्टने डिकोड करणारं फंक्शन, बाहेर जाताना त्याचाच जोडीदार एन्कोड करणारा, आणि आर्ग्युमेंट पार्स करताना एफएस-कन्व्हर्टर, जो पाथ ऑब्जेक्ट पण समजतो. स्क्रिप्टमध्येही तेच, ओएस मॉड्यूलमधले एफएसएन्कोड आणि एफएसडिकोड.

मुख्य प्रोग्रॅमकडे यादी जेसन या मजकुराच्या फॉरमॅटमध्ये जाते आणि तिथे एक छुपा खड्डा होता. पायथनचा जेसन सरोगेट असलेली स्ट्रिंग डिफॉल्टला तक्रार न करता बॅकस्लॅश-यू करून लिहितो, आणि पलीकडचा पार्सर ते अवैध म्हणून टाकून तरी देतो नाहीतर त्या जागी प्रश्नचिन्हासारखं बदली चिन्ह घालतो. मग युजरने त्या ओळीवर क्लिक केलं की असलेली फाइल सापडत नाही. म्हणून प्रत्येक फाइलसाठी दोन फील्ड केली: एक कामाचं नाव, मूळ बाइट बेस-६४ (बाइट साध्या अक्षरांत लिहायची पद्धत) करून, आणि एक दाखवायचं नाव, त्यात न वाचता आलेल्या जागी बदली चिन्ह. क्लिक झाल्यावर पहिलंच वापरायचं. दाखवायच्या नावाने फाइल उघडायचा प्रयत्न कुठेही करायचा नाही.

२० जानेवारी

विंडोज. इथे चित्र उलटं आहे. विंडोजच्या एनटीएफएस डिस्कवर नावं यूटीएफ-१६ च्या युनिटमध्ये, आणि पायथन ३.६ पासून (पेप ५२९) विंडोजवर फाइलसिस्टम एन्कोडिंग यूटीएफ-८, एरर हँडलर सरोगेट-पास. पायथन आतून वाइड (यूटीएफ-१६ घेणारी) फंक्शनंच वापरतो, त्यामुळे त्याचं तो बघतो.

भानगड आमच्या बाजूला. होस्ट काही ठिकाणी अजून ‘ए’वाली जुनी एएनएसआय (मशीनच्या जुन्या कोड पेजवर चालणारी) फंक्शनं वापरून पाथ घेत होता आणि ते बाइट पायथनला देत होता. पाश्चिमात्य नावांना हे बरेचदा निभावतं म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. देवनागरीला विंडोजमध्ये एएनएसआय कोड पेज मुळात नाहीच, आपल्या लिपीला फक्त युनिकोडचाच रस्ता आहे, त्यामुळे ‘कोऱ्या पावत्या’ त्या फंक्शनातून जाताना प्रश्नचिन्हांची रांग होऊन बाहेर पडतं आणि एकदा प्रश्नचिन्ह झालं की परत आणायचा कुठलाच मार्ग नाही. ती सगळी ठिकाणं शोधून वाइड केली, आणि पायथनकडे देताना वाइड-कॅरपासून थेट स्ट्रिंग बनवतो, मध्ये बाइट नाहीतच.

२१ जानेवारी

लुआ. लुआमध्ये स्ट्रिंग म्हणजे नुसते बाइट, एन्कोडिंगची सेटिंगच नाही. लिनक्सवर हे वरदान, आले तसे बाइट गेले, काही करावंच लागलं नाही. विंडोजवर मात्र लुआ सरळ सी लायब्ररीचं एफओपन बोलावतो आणि ते बाइटांना एएनएसआय समजतं. स्क्रिप्ट यूटीएफ-८ मध्ये लिहिलेली, म्हणून फाइल सापडत नाही, किंवा लिहायला उघडली तर भलत्याच अक्षरांच्या नावाची नवी फाइल तयार होते.

दोन रस्ते. विंडोज १० च्या १९०३ व्हर्जनपासून एक्झीच्या मॅनिफेस्टमध्ये (तिच्या सेटिंगच्या नोंदीत) अ‍ॅक्टिव्ह कोड पेज यूटीएफ-८ लिहिता येतं, मग एएनएसआय म्हणजेच यूटीएफ-८. वर्करची एक्झी आपली आहे म्हणून हे जमतं. पण हेच इंजिन आपण डीएलएल (दुसऱ्या प्रोग्रॅमने लोड करायची लायब्ररी) म्हणूनही देतो, आणि दुसऱ्याच्या एक्झीचं मॅनिफेस्ट आपल्या हातात नाही. म्हणून दुसरा रस्ता घेतला, लुआ बिल्ड करताना एफओपनच्या जागी आपलं फंक्शन, जे यूटीएफ-८ चं यूटीएफ-१६ करून वाइड एफओपन बोलावतं. एवढ्याने आयओ.ओपन, लोडफाइल आणि रिक्वायरचा शोध हे तिन्ही झाले. रिमूव्ह, रिनेम, पीओपन वेगळे करावे लागतात, डीएलएल लोड करणारं पण वेगळं. रिनेम विसरलं तर सगळ्यात जास्त त्रास, कारण नाव वाचता येतं, लिहिता येतं आणि नेमकं बदलताच येत नाही.

२२ जानेवारी

टीसीएल. इंटरप्रिटर बनवायच्या आधी टीसीएल_फाइंडएक्झिक्युटेबल बोलवावंच लागतं, सिस्टम एन्कोडिंग तिथेच ठरतं, लोकेल बघून. त्यानंतर टीसीएल_सेटसिस्टमएन्कोडिंगने स्पष्ट यूटीएफ-८ केलं. टीसीएलने लोकेल बदललं तरी पायथनला आता फरक पडत नाही, दोन्ही क्रमाने चालवून बघितलं.

एक उणीव राहते. ८.६ मध्ये यूटीएफ-८ म्हणून न बसणारा बाइट लॅटिन-१ चं अक्षर समजून आत येतो आणि बाहेर जाताना दोन बाइटांचा होतो, म्हणजे तुटक्या नावाची फाइल यादीत दिसते पण उघडत नाही. इथे सरोगेट-एस्केपसारखं काही नाही. अशा नावांवर टीसीएल प्लगइन चालवायचंच नाही आणि युजरला तसं सांगायचं, इतकंच करता आलं.

२७ जानेवारी

मॅक. एन्कोडिंगचा प्रश्नच नाही, पायथन तिथे कायम यूटीएफ-८. पण ‘कोऱ्या पावत्या’ शोधून सापडेना, डोळ्यासमोर असूनही.

कारण ऱ. तो एकच कोडपॉइंट यू+०९३१ म्हणून लिहिता येतो, किंवा र आणि खाली नुक्ता असे दोन, ०९३० आणि ०९३सी. युनिकोडच्या मते दोन्ही एकच, नॉर्मलायझेशनचा एनएफसी प्रकार (जोडून) केला की पहिलं, एनएफडी (सुटं) केला की दुसरं. मॅकचं जुनं फाइलसिस्टम एचएफएस+ नावं सुटी करूनच साठवायचं. मॅकचं नवं एपीएफएस दिलं तसं साठवतं आणि शोधताना दोन्ही एकच मानतं. लिनक्स दोन्ही वेगळी मानतं, एकाच फोल्डरमध्ये दोन ‘कोऱ्या पावत्या’ सुखाने राहतात. जुन्या मॅकच्या डिस्कवरून कॉपी केलेल्या नावात सुटा ऱ, युजरने टाइप केलेल्यात जोडलेला.

आणि तिसरं रूप आहेच, र, हलन्त आणि झेडडब्ल्यूजे (न दिसणारं जोडचिन्ह), अर्ध्या चंद्रासारखा तोच र, दिसायला तंतोतंत. त्याला कुठलंही नॉर्मलायझेशन बाकीच्या दोघांशी जोडत नाही. मराठीत हा र रोजचा आहे, दऱ्या, कुऱ्हाड, पायऱ्या, त्यामुळे हा कोपऱ्यातला प्रश्न म्हणून सोडायला मी तयार नाही.

ठरवलं ते असं की ऑपरेटिंग सिस्टिमकडून आलेलं नाव कधीही नॉर्मलाइज करून साठवायचं नाही, तसं केलं की लिनक्सवर ती फाइल हरवली. शोधण्यासाठी वेगळी ‘की’, म्हणजे नावाची वेगळी प्रत, बनवायची, तिच्यात एनएफसी, आणि र-हलन्त-झेडडब्ल्यूजे असेल तर त्याचा ऱ-हलन्त करायचा. ही की फक्त तुलनेसाठी.

२९ जानेवारी

छोटी पण टोचणारी गोष्ट. बॅकअप घेणारं प्लगइन नावाच्या शेवटी तारीख जोडतं आणि लांब मराठी नावांवर ‘नाव फार मोठं’ अशी एरर. लिनक्सवर मर्यादा २५५ बाइट, देवनागरीचा प्रत्येक कोडपॉइंट ३ बाइट, म्हणजे ८५ कोडपॉइंट, आणि काना-मात्रा-हलन्त सगळे त्यात मोजले जातात. एनटीएफएसवर २५५ यूटीएफ-१६ युनिट, म्हणून विंडोजवरून आलेलं नाव इथे बसेलच असं नाही. प्लगइन स्ट्रिंगची लांबी मोजत होतं, आता एफएसएन्कोड केलेल्या बाइटांची मोजतं, आणि कापायचंच असेल तर अक्षराच्या मध्ये कापत नाही.

२ फेब्रुवारी

टेस्ट. वर्कर आता सी लोकेलमध्ये, सी.यूटीएफ-८ मध्ये, एका जुन्या आयएसओ लोकेलमध्ये आणि पूर्ण रिकाम्या एन्व्हायर्नमेंटमध्ये, असा चारही प्रकारे चालवला जातो, आणि प्रत्येक वेळी टीसीएल आधी आणि पायथन आधी. सगळीकडे उत्तर एकच यायला पाहिजे. चाचणीच्या फोल्डरमध्ये तिन्ही प्रकारचे ऱ आहेत, ८५ कोडपॉइंटचं नाव आहे आणि एफएफ बाइट असलेलं मुद्दाम मोडकं नाव आहे. शेवटचं मॅकवर वगळावं लागलं, एपीएफएस अवैध यूटीएफ-८ चं नाव तयारच करू देत नाही. प्रत्येक इंटरप्रिटरने (मोडक्या नावावर टीसीएल सोडून) यादी घ्यायची, फाइल उघडायची, नाव बदलायचं, परत मूळ करायचं, आणि शेवटी बाइट जुळवायचे.

पायथन ३.१४ मध्ये पेप ७४१ चं नवीन एपीआय आलंय, त्यात प्री-कॉन्फिग आणि कॉन्फिग अशी दोन स्ट्रक्चर नाहीत. एकाच ऑब्जेक्टमध्ये ‘यूटीएफ८_मोड’ नावाने आकडा द्यायचा, पाथ यूटीएफ-८ स्ट्रिंगमध्ये द्यायचा आणि मग सुरू करायचं, त्यामुळे १२ तारखेला लिहिलेला क्रमाचा सापळा तिथे उरत नाही. ३.१४ वर जाताना हाच बदल आधी घेऊ. तोवर प्रीइनिशियलाइजवरची कॉमेंट कोणी हलवायची नाही.

तक्रार करणाऱ्याला नवीन बिल्ड पाठवलं, त्याची यादी पूर्ण आली. त्याच्या फोल्डरमध्ये दोन नावं चौकोनी दिसतायत, जुन्या एन्कोडिंगमधली असावीत, पण दोन्ही फायली उघडल्या. त्या नावांचं मूळ एन्कोडिंग युजरने स्वतः निवडून नाव दुरुस्त करायची सोय पुढच्या आठवड्यात घेतोय.